मुकादमाचं ‘बस’
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मी पुन्हा चारोटीजवळच्या त्या लाकडी पुलाखाली अडकतो. पुलावरचा ताण मोजायला मी पारा भरलेली रबरी नळी त्याच सोल्युशनने तुळईला चिकटवली होती. नळी ताणली की तिला जोडलेल्या मीटरचा काटा सरके. वर दगडांची बैलगाडी उभी, खाली बेचक्यात मान मोडून मी. “बस, साहेब, बस!” उधवा गावचा गुजराती मुकादम वरून ओरडला. त्याच्या मराठीत अहोजाहो नसायचंच, म्हणून ‘खाली बसा’ म्हणतोय असं समजून मी आणखी दबून बसलो. मी बाहेर पडलो समजून त्याने दुसरी गाडी चढवली. तुळई करकरत माझ्या पाठीवर टेकली. काटा टोकाला गेला, मला हलताही येईना. गाड्या उतरल्यावर तो खाली वाकला आणि पांढराफटक पडला. “अजून आतच? बस म्हटलं ना तुला, म्हणजे पुरे, बाहेर ये!” आजही मित्राने खुर्ची पुढे करून ‘बस’ म्हटलं की मी आधी दार कुठे आहे ते बघतो.