मोकळ्या फेरीची कॅसेट

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती आणि मराठी बातम्यांच्या वाहिन्या चोवीस तास बोलू लागल्या होत्या. त्यांना सतत माणसं लागत. ती पुरवायचं काम आमचं ऑफिस करायचं. हिंगोलीत कापड दुकानाच्या वर दोन खोल्या, मालक आणि मी. नव्वदच्या दशकात मालक निवडणुकीत जीपवर भोंगे बांधून द्यायचे आणि मी पत्रकं टाइप करायची. आता आम्ही राजकीय विश्लेषक तयार करत होतो.

माझ्याकडे यादी असे. पाणी, आरक्षण, सहकार, निवडणुका. प्रत्येक विषयापुढे माणूस, त्याचा फोन, तो किती वेळात पोचेल, कॅमेऱ्यासमोर अडखळतो का. मुंबईहून फोन आला की दोन मिनिटांत नाव द्यायची. हे काम मला आवडत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

शिकवण्याची मालकांची एक रीत होती. पहिल्या दिवशी ‘मोकळी फेरी’. मागच्या खोलीत स्टुलावर हँडीकॅम ठेवायचा, माणसाला समोर बसवायचं आणि सगळ्यात अडचणीचे प्रश्न विचारायचे. त्यानं काही न झाकता उत्तरं द्यायची. मग ती टीव्हीवर लावून बघायची आणि बाहेर काय कधीच बोलायचं नाही ते ठरवायचं. दुसऱ्या दिवसापासून तेवढं वगळून वीस सेकंदांत बोलायचा सराव. कॅसेट माझ्या कपाटात जायची. तिच्यावर चिठ्ठी लावल्याशिवाय मी ती आत ठेवत नसे: कोण, विषय काय, टाळायचं काय.

डोंगरकड्याचे एक सर आमच्याकडे आले. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मतदार याद्यांमधल्या घोळावर ते वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचे. वाहिनीला असाच माणूस हवा होता, फक्त सर फार लांबण लावत.

“सर, तुमच्यावर चिखल उडवायचा म्हणलं, तर कुठून उडवतील?” मालकांनी फेरी सुरू केली.

सर हसले. “माझ्यापाशी हाय काय? एक सायकल अन् दोन कपाटं पुस्तकं. सायकलीवर चिखल हायेच.”

“घरचं काही?”

सर कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाले, “ते बंद करता का?”

“मोकळी फेरी हाय सर. इथलं इथंच राहतंय.”

मग सरांनी सांगितलं. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत त्यांच्या थोरल्या भावानं गैरहजर सभासदांच्या नावापुढे दुसऱ्यांचे अंगठे उठवले होते. सर दारात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि ते बोलले नाहीत, कारण बाप गेल्यावर याच भावानं त्यांना शिकवलं होतं. “आता भाऊ थकलाय. गाव त्याला मानतं. हे निघालं तर त्यो जगायचा न्हाई,” सर म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ आला होता.

मी चिठ्ठीवर लिहिलं: ‘मतदार याद्या. टाळणे: भाऊ, सोसायटी, अंगठे.’

महिन्याभरानं जिल्ह्यातला एक नेता आमच्याकडे शिकायला लागला. त्याचा माणूस रोज ऑफिसात येऊन बसू लागला. सरांनी तेवढ्यात नेमक्या त्याच नेत्याच्या भागातली मतदार यादी तपासली होती. मेलेल्या माणसांची नावं त्यात जशीच्या तशी होती. वाहिनीनं सरांना गुरुवारी थेट प्रक्षेपणात घ्यायचं ठरवलं.

सोमवारी मी कपाट उघडलं. सगळ्या कॅसेटी ओळीत होत्या. पण मी प्रत्येक कॅसेट सुरुवातीला आणूनच ठेवायची, आणि सरांची मधेच थांबलेली होती. हँडीकॅममध्ये घालून पाहिली. सर म्हणत होते, “आता भाऊ थकलाय.”

मी मालकांना विचारलं.

“नेत्याच्या माणसानं पाहिली जरा. सर काय अन् नेते काय, दोघं बी आपलेच हायत बाई. काहून टेन्शन घेऊन राहिल्या?”

मी फोनपाशी आले. सरांचा नंबर पाठ होता. फोनवर काय सांगायचं, कोण ऐकत असेल, असा विचार केला आणि समोरासमोर सांगायचं ठरवलं. गुरुवारच्या कामांत तसं लिहूनही ठेवलं: ‘सरांना सांगणे.’ ते चौथ्या नंबरवर होतं. आधी वाहिनीच्या गाडीला जागा, खुर्ची आणि पडदा होता.

गुरुवारी मी खाली पडदा बांधून घेत असताना सर वेळेआधीच वर गेले. मी जिना चढले तेव्हा नेत्याचा माणूस त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवत होता.

“घ्या सर. अन् भाऊ कसे हाईत? पयले सोसायटीत लई जोर होता म्हणे त्यांचा. अंगठेबहाद्दर म्हणायचे का काय?”

सरांनी कपाला हात लावला नाही. आधी मालकांकडे पाहिलं. मालक फोनवर होते. मग माझ्याकडे पाहिलं.

खाली गाडीपाशी त्यांच्या कानात वाहिनीचा आवाज सुरू झाला. सर म्हणाले, “याद्यांमध्ये किरकोळ चुका असतात. प्रशासन त्यात लक्ष घालत आहे. लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.” एकदाही अडखळले नाहीत. मुंबईतल्या निवेदिका बाईंनी त्यांचे आभार मानले.

कानातली तार काढताना मी जवळ होते. “तुमाला ठाऊक होतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“सोमवारपासून, सर.”

त्यांनी मान हलवली. आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते पिशवी घेऊन रस्त्याकडे निघाले, तर नेत्याचा माणूस जीपचं दार उघडून उभा.

“बसा सर. पुढल्या खेपेला काय बोलायचं ते वाटंत ठरवू.”

“मी यष्टीनं जाईन.”

“यष्टी काहून? मला बी तिकडंच यायचंय. भाऊंना भेटतो म्हणलं. लई दिवस झाले.”

सरांनी एकदा यष्टी स्टँडच्या दिशेनं पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले. त्या माणसानं दार बाहेरून लावलं, नीट लागलं का ते ओढून पाहिलं, आणि जीप डोंगरकड्याकडे, कळमनुरीच्या रस्त्याला लागली.