पडेगावात पुरलेला केक

नगरच्या स्टँडवर सकाळी संभाजीनगरची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात केकचा डबा. पिशवी मी वरच्या फळीवर टाकली आणि डबा मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "बाई, तोही ठेवा की वर." मी म्हटलं, "यात माझ्या आईचं नाव आहे. ते फळीवर ठेवायचं नसतं." त्याने माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं आणि तिकीट दिलं.

पस्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, पण आमच्या गल्लीत मला ओळखतात ते नाताळच्या केकवरून. कृती आईची. ऑक्टोबर लागला की चिनी मातीच्या बरणीत मनुके, बेदाणे, संत्र्याची साल भिजत पडायची. आई गेल्यावर बरणी माझ्याकडे आली आणि एकही वर्ष मी खाडा केला नाही. या केकची तारीफ मी आजवर कधी नम्रपणे ऐकून घेतलेली नाही, तेव्हा इथेही नम्रतेचं सोंग आणत नाही.

मी चालले होते शांतवनकडे. शांतवन माझा धाकटा भाऊ, आठ वर्षांनी लहान. चार वर्षांपूर्वी आईला माती दिली त्या दिवशी बायबलमधला शास्त्रपाठ त्याने वाचायचा होता. तो आला तो पिऊन. कबरीच्या कडेला त्याचा पाय घसरला आणि सगळ्या मंडळीदेखत दोघांनी त्याला आईच्या पेटीवरून ओढून वर काढलं. मी तिथेच, कबरस्थानात, त्याला सांगितलं, "यापुढे माझ्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही." माझं एवढं एकच म्हणणं त्याने आयुष्यात तंतोतंत पाळलं.

नोव्हेंबरात त्याचं पत्र आलं. संभाजीनगरच्या छावणीतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये बारा पायऱ्यांची मंडळी जमतात, दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी. त्यांच्यात बसून त्याला वर्ष होत होतं. या वर्षाला ते वाढदिवस म्हणतात आणि पितळेचं एक पदक देतात. "ते तुझ्या हातून मिळावं असं वाटतं. नाही आलीस तरी मी समजून घेईन," असं त्याने लिहिलं होतं. मी पत्र चार दिवस बायबलमध्ये ठेवलं आणि पाचव्या दिवशी येते म्हणून कळवलं. पदक द्यायचं, सोमवारी परतायचं, इतकंच ठरवलं होतं. माझ्या घराचं दार त्याला उघडायचं की नाही, ते ठरत नव्हतं.

प्रवरासंगमचा पूल ओलांडला की बोली बदलते. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती, दोन्हीकडे वेचणी संपत आलेली कपाशी. गंगापूरच्या फाट्यावर चढलेली एक बाई माझ्याशेजारी बसली आणि बसल्या बसल्या तिने विचारलं, "काय हाय ओ डब्यात? लई ग्वाड वास येतोय."

"केक आहे. भावाचा वाढदिवस आहे."

"कितवा?"

"पहिला."

तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि वाळूज येईपर्यंत दुसरं काही विचारलं नाही.

स्टँडवर शांतवन उभा होता. वाळला होता, पण शर्टाला इस्त्री होती आणि हात स्थिर होते. ते हात मी आधी पाहिले. "सलाम, ताई," म्हणाला. आम्हा ख्रिस्ती मंडळींच्या रीतीप्रमाणे मीही सलाम म्हटलं. डबा त्याने माझ्याकडून घेतला आणि रिक्षात तो मांडीवर न घेता हात लांब करून धरून बसला. मला वाटलं, केक मोडू नये म्हणून जपतोय. मला बरं वाटलं.

छावणी मागे टाकून रिक्षा दौलताबादच्या रस्त्याने पडेगावला आली. वरच्या मजल्यावर त्याची एक खोली, खाली घरमालकीण फातिमाभाभी. गच्चीवरून लांब देवगिरीचा डोंगर दिसतो. खोलीत पलंग, टेबल, भिंतीवर येशूचं चित्र आणि त्याखाली बारा पायऱ्यांचा कागद. प्रत्येक पायरीपुढे त्याने त्याच्या सुबक अक्षरात शास्त्रपाठाचा अध्याय लिहिला होता. आईला आवडायचं ते अक्षर. खिडकीत एका स्टीलच्या पातेल्यात मनुके भिजत होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उद्याच्या उपासनेतल्या प्रभुभोजनाला," तो म्हणाला. "आमच्याकडे प्याल्यात द्राक्षारस नसतो, मनुक्यांचं पाणी असतं. शनिवारी भिजवायचे, संध्याकाळी उकळून गाळायचे. सहा महिन्यांपासून पाळकसाहेबांनी हे काम माझ्याकडे दिलंय."

कबरीत पडलेल्या माणसाकडे चर्चने प्रभुभोजनाचा प्याला सोपवला होता! माझा ऊर भरून आला. पण भरून आलेला ऊर तसाच राहू देईन तर ती मी कसली! मी लगेच म्हटलं, "तुझे एका दिवसाचे. माझे बघ, ऑक्टोबरपासून भिजताहेत. आणि पाण्यात नाही, आईसारखे, अस्सल रममध्ये. वरून आठवडाभर रोज दोन चमचे पाजलीय केकला."

शेवटचे शब्द माझ्या तोंडातून निघाले आणि मग मला ऐकू आले.

शांतवन म्हणाला, "मला स्टँडवरच वास आला होता, ताई."

मला लाज वाटायला हवी होती. मला आला राग. "भट्टीत उडून जाते ती," मी म्हटलं. "केक आहे तो, बाटली नव्हे. आईचा केक आहे! चार वर्षांनी मी येते आणि तू..." आवाज इतका चढला की खालची कोंबडी फडफडली.

तो पलंगाच्या कडेवर बसून म्हणाला, "नाताळच्या आदल्या दिवशी तू मला बरणीतले मनुके चमच्याने द्यायचीस. आठवतं? मी वर्षभर त्या चमच्याची वाट बघायचो. बरणीचा दोष नाही, तूही खायचीस. माझंच शरीर तसलं. पण आता तासभर मी हे तुझ्यापासून लपवलं, ते वाईट केलं. मी आधी असाच गप्प बसायचो." मग त्याने फोन उचलला आणि माझ्यासमोर बोलला, "कैलासराव, खोलीत रमचा केक आहे. ताईनं आणलाय. मला भीती वाटतेय."

पूर्वीचा शांतवन खोटं बोलताना डोळ्याला डोळा भिडवायचा. हा मान खाली घालून खरं बोलत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी डबा उचलला आणि गच्चीवर नेऊन ठेवला.

कैलासराव गंगापूरकडचे शेतकरी. दारू सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि शांतवनला पायऱ्यांवर हाताला धरून चढवत होते ते हेच. जीपने, दोनदा गाडी बदलून, दीड तासात पोचले. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. कपाळाला भंडारा.

"ताई, राग नगा धरू," ते म्हणाले. "केक लई भारी असंल तुमचा. पर ह्यो हितं नाय ठिवायचा. मी बी नाय नेऊ शकत. मी बी त्याच वाटंचा."

मी विचारलं, "तुम्ही खंडोबाचे भक्त. चर्चमधल्या पायऱ्या तुम्हाला कशा चालतात?"

"चालतात म्हंजी? त्येच्यावरच चालतोय की अकरा साल. त्या कागदावर लिवलंय, आपल्याला जसा उमगला तसा देव. ह्येला येशू उमगला, मला मल्हारी. दारू दोघांची एकच व्हती."

मग प्रश्न आला केकचा. कुणाला द्यावा तर त्या घरात कोण पितं, कोण सोडतंय, काय ठाऊक. फेकावा तर आईचं नाव. शेवटी मीच म्हटलं, "पुरू या." कैलासरावांनी फातिमाभाभींच्या अंगणात पेरूखाली फावड्याने दोन हात खड्डा काढला. शेतकऱ्याचंच काम, कडा कशा सरळ! भाभी दुपट्टा सावरत बाहेर आल्या.

"क्या गाड रहे जी तुम लोगां?" (काय पुरताय तुम्ही लोक?)

"केक," मी म्हटलं.

"खराब हो गया क्या?"

"नाही, फार चांगला झालाय."

भाभींनी आळीपाळीने आमच्या तिघांकडे पाहिलं. शांतवनने त्यांना कारण सांगितलं. "हौ, फिर सही करे," त्या म्हणाल्या आणि स्वतः एक ढेकूळ उचलून आत टाकलं.

मी डबा उपडा केला. शांतवन खड्ड्याच्या अगदी कडेला उभा होता, ताठ, दोन्ही पाय रोवून. माझ्या डोळ्यांपुढे दुसरा खड्डा आला. त्याच्याही आला असणार, कारण त्याने खिशातून छोटं बायबल काढलं आणि आईसाठी वाचायचा राहिलेला तो पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. एकदाही अडखळला नाही. कैलासरावांनी टोपी काढली होती. मी तिथे रडले, आणि भाभींना वाटलं केकसाठी, म्हणून त्या म्हणाल्या, "रोओ नको बाजी (ताई), कल मैं नान मंगाती."

रविवारच्या उपासनेत मी मनुक्यांचं पाणी घेतलं. माझ्या भावाने गाळलेलं होतं, आणि मी मान जरा वर करूनच वेदीपाशी गेले. पापच असेल ते, पण केलं.

दुपारी चारला हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. लोखंडी खुर्च्या, भिंतीवर पायऱ्यांचा फळा, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं. रिक्षावाले होते, एक डॉक्टर होता, दोन बायकाही होत्या. कुणी आडनाव सांगत नाही. टेबलावर भाभींनी जुन्या शहरातल्या भट्टीवरून मागवलेला नान होता. या शहरात खलिया (मटणाचा रस्सा) बरोबर खातात तो, हळदीच्या पाण्याने पिवळा केलेला, ताटाएवढा गोल. कैलासरावांनी त्याच्या मधोमध एक मेणबत्ती खोचली होती. ती सारखी कलत होती.

इथली एक रीत आहे. वाढदिवस असलेला माणूस पहिला घास ज्याचं त्याने सगळ्यांत जास्त वाईट केलं त्याला भरवतो, आणि काय केलं ते भरवण्याआधी सांगतो. शांतवन उभा राहिला. "मी शांतवन, मी मद्यपी," म्हणाला, आणि कबरस्थानातला तो दिवस त्याने जसाच्या तसा सांगितला. पाय घसरला असं नाही म्हणाला. "मी पिऊन आईच्या अंगावर पडलो," म्हणाला. मग नानचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. हात स्थिर होता. मी घास घेतला.

पदक माझ्या हातात दिलं गेलं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी वर्गात कधी अडखळले नाही, इथे अडखळले. "मी सुलोचना," मी म्हटलं. "मी पीत नाही. पण काल मी माझ्या भावाच्या खोलीत रमचा केक आणला आणि वरून त्यालाच ओरडले. चूक माझी होती." चाळीस जण हसले आणि टाळ्या वाजवल्या. कैलासराव मागून ओरडले, "धावी पायरी! ताई एकदम धाव्या पायरीवर!" चूक कळताच कबूल करायची, ती दहावी पायरी. मी शांतवनच्या तळहातावर पदक ठेवलं. माझा भाऊ म्हणून मी त्याच्याकडे इतक्या अभिमानाने तो मॅट्रिक झाला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

सोमवारी परतीच्या गाडीत रिकामा डबा मी फळीवर टाकला. प्रवरासंगमच्या पुलावर मनात आलं, चार वर्षं मी अंत्यविधीची लाज जपत बसले, बरणी जपावी तशी, रोज दोन चमचे राग घालून. आणि त्या चार वर्षांत माझा भाऊ पडल्या जागेवरून उठायची एकेक पायरी परक्या माणसांचा हात धरून चढला. त्यांतला एकही हात माझा नव्हता. हे मला बोचलं, आणि ते बोचणं मी कुणाला देणार नाही, माझंच आहे.

घरी पोचल्यावर बरणीतले उरलेले मनुके परसात ओतले, बरणी गरम पाण्याने तीनदा धुतली आणि नवे मनुके मोसंबीच्या रसात घातले. गल्लीत चर्चा झाली. होऊ दिली.

नाताळच्या सकाळी दारावर टकटक झाली. शांतवन पायरीवर उभा होता, हातात चपला. उंबऱ्याच्या बाहेर बरोबर वीतभर अंतरावर थांबला होता.

"सलाम, ताई," म्हणाला. "येऊ का आत?"

"केक कापायचा खोळंबलाय," मी म्हटलं. "आणि आईसारखा झालेला नाही, हे आधीच सांगते."

त्याने उंबरा ओलांडला.