दोन घरांची साक्ष

नव्वदच्या दशकात रेडिओवर दर बुधवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. पुढे दहाएक वर्षांनी आम्ही काही वेड्यांनी मिळून तिची विकी काढली, म्हणजे कुणालाही येऊन लिहिता-खोडता येईल अशी वेबसाइट. एकाही भागाचं रेकॉर्डिंग उरलं नव्हतं. सगळा कारभार आठवणींवर, आणि त्या आठवणींचा पोलीस पाटील मी. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत बसून मी नियम लिहिले.

पहिला: ऐकलं ते लिहा, वाटलं ते नको. दुसरा: ‘माझ्या मते’ दिसलं की नोंद उडेल. तिसऱ्याचा मला फार अभिमान होता: एकट्याची आठवण चालणार नाही, दोघांची जुळली पाहिजे, आणि ते दोघे एका घरातले नकोत. घरची माणसं एकमेकांची री ओढतात, असं माझं मत. माझ्या मतांना अर्थातच बंदी नव्हती.

येवल्याचे एक काका पैठणी विणता विणता मालिका ऐकायचे. त्यांनी एक भाग लिहून पाठवला. मालिकेतल्या कंजूष मामाचा भाचा भांडून घर सोडतो. दुसऱ्या दिवशी मामा डबा घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसतो. तीन गाड्या जातात, चौथीतून भाचा उतरतो. खाली तळटीप होती: ‘मामा एकच वाक्य बोलला, पण मागाच्या खटखटीत ते ऐकू आलं नाही. म्हणून लिहिलं नाही.’

दुसरा साक्षीदार नव्हता. मी नोंद उडवली आणि वर शेरा मारला, ‘मामा असा वागणार नाही.’ म्हणजे पहिले दोन्ही नियम मीच एका वाक्यात मोडले. काकांनी नम्रपणे विचारलं, ‘साहेब, तुम्ही त्या बुधवारी ऐकलं नव्हतं का?’

नव्हतं. माझा तेवढा एकच बुधवार चुकला होता. मी फुलांचा मळा बघावा असं वडिलांचं म्हणणं, मला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. त्या बुधवारी दुपारी कडाक्याचं भांडून मी मित्राकडे निघून गेलो. दुसऱ्या दिवशी परतलो तर वडील दारातच म्हणाले, “जेवलास का?” मला तो टोमणा वाटला. कोर्सला त्यांनी पुन्हा अडवलं नाही, तरी कित्येक महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

काकांचा मजकूर मी आईला हसत हसत वाचून दाखवला. ती झेंडूचे हार ओवत होती. मालिका लागली की ती पेंगायची, त्यावरून आम्ही तिला कायम चिडवायचो.

“खरं लिहिलंय त्यांनी,” ती मान वर न करता म्हणाली. “भाचा उतरतो आन मामा फक्त इचारतो, जेवलास का? तुझे बाबा रेडिओ बंद करून उठले. मग म्हणाले, हे बरंय, एवढंच इचारायचं.”

वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मला लाज वाटली, आणि आईसमोरच रडू आलं.

आईचं वाक्य घालून मी नोंद परत लावली. घरं वेगळी, आठवण जुळलेली. काकांची माफी मागितली. ‘चालायचंच, साहेब. वाक्य तर मिळालं,’ असं त्यांनी कळवलं.

बाबांचं मात्र तिथे लिहिता आलं नाही. त्याला साक्षीदार आम्ही दोघंच, आई आणि मी, एकाच घरातले. म्हणून ते इथे लिहिलं.