जावयापुढे न वाचलेले कागद

त्या विणकर बाईंची तक्रार आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. मी तेव्हा कुंभकोणमला पोलीस निरीक्षक होतो. दारासुरमच्या या विधवा बाईंनी नवऱ्याचे माग विकून, एक पैशाचं कर्ज न काढता घर घेतलं होतं. वर्षाच्या आत दारावर बँकेची नोटीस लागली. घरावरच्या कर्जाचे हप्ते थकले होते. बाई म्हणत होत्या, कर्ज काढलंच नाही.

नोंदणी कार्यालयाबाहेरच्या एका दस्तलेखकाने आमच्या हवालदाराच्या कानावर घातलं, की खरेदीनंतर दोन महिन्यांतच जावई सासूला घेऊन पुन्हा आला होता. मी त्या वेळच्या दस्ताची नक्कल मागवली. ते घराचं गहाणखत होतं आणि त्यावर फोटो, अंगठा, सही सगळं बाईंचंच.

"अक्का, न वाचता सही केलीत?" मी आमच्या तंजावरी मराठीत विचारलं.

"घर माझ्या नांवें चढवायचे कागद म्हणून सांगट्ले, सार. जावयापुढें वाचीत बसायचं कां? त्यांस काय वाटेल?"

आमच्या घरांत सासू जावयासमोर खुर्चीवरही बसत नाही. त्या सद्गृहस्थाने नेमकं तेच हेरलं होतं.

चौकशीत त्याने आधी कानांवर हात ठेवले. त्याच कागदांच्या गठ्ठ्यात बाईंची सही घेतलेला, कर्जाचे पैसे त्याच्या खात्यात वळवणारा चेक मी बँकेतून आणून पुढे टाकला, तेव्हा उर्मटपणे म्हणाला, "अस्के, सगळे पैसे सासूबाई घराच्या भिंतींत कोंडून ठेवल्या होत्या. मी सोडवलों. धंद्यांत घातलों, बुडाले."

मी उठलो. हात उगारणार इतक्यात दारातून बाई म्हणाल्या, "सार, त्यांस बसायला द्या."

मुलगी गरोदर होती. बाई गुन्हा नोंदवू नका म्हणून हात जोडत होत्या. मी चक्क ऐकलं. लेखनिकाकडून समेटपत्र लिहून घेतलं, जावयाने हप्ते भरायचे कबूल केलं, आणि एक फाइल कमी झाली म्हणून मी सुटकेचा श्वासही घेतला. त्याने तीन हप्ते भरले. मग बायकोला टाकून पळाला. बँकेने घराला कुलूप लावलं तेव्हा बंदोबस्ताला मीच होतो.

गुन्हा नोंदवला असता तर घर वाचलं असतं का, ठाऊक नाही. पण समेट मी दयेपोटी केला नव्हता, कटकट टाळायला केला होता, एवढं मात्र या प्रकरणाने मला शिकवलं. बाई आता तिरुभुवनमला मुलगी-नातवासह भाड्याच्या खोलीत राहतात, रोजंदारीवर रेशमाच्या लडी उकलतात. मी दिसलो की काम टाकून उठून उभ्या राहतात. त्यापेक्षा तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.