अकरा रिलीज आणि एक कागदी ताटली

नितीनने धनुष्याची केस काउंटरवर ठेवली, तिच्यावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "अकरा रिलीज शॉर्टलिस्ट केलीयत. आता फक्त एक फायनल करायचंय."

स्क्रीनवर एक्सेल शीट होती. अकरा ओळी, चौदा रकाने, हिरवे-लाल रंग, प्रत्येक गुणाला वेगळं वजन. मी पुण्याची मेकॅनिकल इंजिनियर. खोटं कशाला बोलू, मला आनंदाचं भरतं आलं.

वेरिबीच्या बाहेरच्या टोकाला एक आर्चरी शॉप आहे, तिथे मी बो टेक्निशियन आहे. लोकांची धनुष्यं त्यांच्या अंगाला जुळवून देणं हे माझं काम. देशाबाहेर आले होते ते क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स करायला. तिथल्या क्लबात धनुष्य हातात आलं आणि ती डिग्री भिंतीवर जाऊन बसली. आई नातेवाइकांना अजून "स्पोर्ट्स लाइनमध्ये आहे" एवढंच सांगते. मी स्वतः अंडंही खात नाही आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं शिकारी आहेत.

आधी रिलीज म्हणजे काय ते सांगते. हल्लीच्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची दोरी सहसा नुसत्या बोटांनी ओढत नाहीत. हातात मावणारं एक छोटं यंत्र असतं. त्याचा आकडा दोरीवरच्या फासात अडकवायचा, दोरी ओढायची, नेम धरायचा आणि खटका दाबायचा. आकडा सुटतो, बाण जातो. नितीनकडे होतं ते मनगटाला पट्ट्याने बांधायचं आणि तर्जनीने दाबायचं.

"आहे त्यात काय बिघडलंय?" मी विचारलं. तो मूळचा साताऱ्याचा, आयटीत टेस्टिंगला, माझ्याच वयाचा. दोन मिनिटांत आम्ही अरे-तुरेवर आलो होतो.

"ते नाही बिघडलं. मी बिघडलोय," तो म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात तो ऑफिसातल्या ब्रेटबरोबर डोंगरात सांबराच्या शिकारीला गेला होता; इथे तिला परवानगी असते. वीस मीटरवर सांबर उभं. नितीनने दोरी ओढली. पिन, म्हणजे नेम धरायचा रंगीत ठिपका, जनावरावर आली मात्र, आणि त्याचं बोट आपोआप आवळलं गेलं. बाण पाठीवरचे केस घेऊन निघून गेला.

"वीतभर खाली लागला असता ना मुग्धा, तर ते जखमी होऊन पळालं असतं. कुठे तरी तडफडत मेलं असतं. माझ्यामुळे. मला ते सारखं दिसतं."

ब्रेटने आता अट घातली होती. तीस मीटरवर कागदी ताटली, पाच बाण, पाचही आत. सांबराचं काळीज आणि फुप्फुसं साधारण तेवढ्याच जागेत असतात. चार आत गेले तर नितीनने कॅम्पवर बसून बटाटे सोलायचे. ट्रिपला तीन आठवडे उरले होते.

"म्हणून सगळ्यात हलका खटका हवाय," नितीन म्हणाला. "जरा स्पर्श केला की सुटायला हवा. त्या रकान्याला तीस टक्के दिलेत."

मला ते पटलं. मग मी म्हटलं, थंडीत हातमोजे घालून वापरता येईल का हा रकाना कुठाय? तो घातला. मग आवाजाचा. मग मी स्प्रिंग बॅलन्स आणून चार रिलीजचे खटके मोजून दिले. नितीनने फॉर्म्युला बदलला. दोघांनाही इतकी मजा येत होती की दीड तास कसा गेला कळलं नाही.

मागून रॉस आला. रॉस म्हणजे दुकानाचा मालक. चाळीस वर्षं शिकार केलेला, बोलायला कंजूस. त्याने स्क्रीन बघितली, केस बघितली. केसची कडी अजून लागलेलीच होती.

"हॅज ही ड्रॉन द बो येट, मेट?"

दोघांनी माना खाली घातल्या.

"राइट," रॉस म्हणाला आणि चहा करायला गेला.

तेव्हा कुठे मी नितीनला मागच्या रेंजवर नेलं. आधी पाच पावलांवरून, समोर नुसता गवताचा गठ्ठा. टार्गेट नाही, पिन टेकवायला काही नाही. त्याचं बोट लोण्यासारखं मऊ. मग मी वीस मीटरवर ताटली लावली. "ओढ, नेम धर, मी पाचपर्यंत मोजते, मग बाण न सोडता दोरी परत आण," मी सांगितलं. याला लेट डाउन म्हणतात. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा त्याने चारलाच दोरी परत आणली. तिसऱ्यांदा मी "तीन" म्हणेपर्यंत बाण गेला.

"मी नाही सोडला!" नितीन म्हणाला. खरंच त्याने सोडला नव्हता. या दुखण्याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि ते भल्याभल्यांना होतं. पिन दिसली की बोट मालकाला विचारत नाही.

आणि अशा माणसाला मी सगळ्यात हलका खटका विकायला निघाले होते! उचकी लागलेल्याच्या हातात काठोकाठ भरलेला चहा द्यावा, तसं.

रॉस चहा घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने रॅकवरून एक रिलीज काढलं. मुठीत धरायचं, अंगठ्याने दाबायचं. मग स्क्रू फिरवून त्याचा खटका आणखी कडक केला. "नॉट द फिंगर. युज यॉर बॅक." म्हणजे अंगठा खटक्यावर नुसता टेकवायचा आणि पाठीच्या जोराने कोपर मागे नेत राहायचं. दाब हळूहळू वाढतो आणि आकडा आपला आपण सुटतो. कधी सुटणार हे बोटाला कळतच नाही, मग ते घाई कशाची करणार?

नितीनने शीटमध्ये शोधलं. नववी ओळ. जवळजवळ सगळी लाल. शेरा: "खटका जड."

त्याने तेच घेतलं. पहिले पाच बाण ताटलीच्या वीतभर वर गेले.

"माझं काही होणार नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघवेना.

पण पाचही बाण एकमेकांना चिकटून होते. ज्याचा हात बिघडलाय त्याचे बाण असे नसतात. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवं रिलीज मुठीत धरलं की हात जबड्यावर वेगळ्या जागी टेकतो. मग दोरीतलं पीप, म्हणजे ज्यातून बघायचं ते बारीक भोक, तेही हलवावं लागतं. हे मी रोज चार जणांना सांगते. त्या दिवशी एक्सेलच्या नादात विसरले. चूक माझी होती, तसं मी त्याला सांगून टाकलं. पीप हलवलं, साइट, म्हणजे पिनची चौकट, नव्याने लावली आणि बाण ताटलीत आले.

पुढचे तीन आठवडे नितीन ऑफिस सुटल्यावर येत होता. वीस बाण मारायचे आणि वीसदा न मारता दोरी परत आणायची. दुसरा भाग त्याला जास्त जड गेला.

ट्रिपच्या आधीच्या शनिवारी दुपारी ब्रेट ताटल्यांचं पाकीट घेऊन आला. चार बाण आत गेले. पाचव्याला नितीनने ओढलं, नेम धरला, आणि खांदा वर चढलेला मला दिसला. जुनं दुखणं उसळत होतं. त्याने दोरी परत आणली. दोन श्वास घेतले. पुन्हा ओढलं. बाण ताटलीच्या कडेला, पण आत.

"नो स्पड्स फॉर यू, मेट," ब्रेट म्हणाला. स्पड्स म्हणजे बटाटे. मी टाळ्या पिटल्या.

ट्रिपनंतरच्या सोमवारी नितीन पेढ्यांचा बॉक्स घेऊन दुकानात आला.

"मिळालं सांबर?"

"दिसलं. पंचवीस मीटर. पिन बरोबर बसली होती." तो हसत होता. "मग ते झाडाआड वळलं, नीट दिसेना. मी दोरी परत आणली. ते निघून गेलं. मुग्धा, माझा अंगठा हललासुद्धा नाही!"

रॉसने एक पेढा तोंडात टाकला. "सो वॉट'ड ही गेट?"

"नथिंग," मी म्हटलं.

रॉसने जरा विचार केला, नितीनच्या खांद्यावर थाप मारली आणि दुसरा पेढा घेतला.

तेव्हापासून रिलीज घ्यायला आलेल्याला मी आधी बाण न सोडता दोरी परत आणायला लावते. लॅपटॉप गाडीत ठेवून यायला सांगते. पुण्याचं गिऱ्हाईक असेल तर दोनदा.