पुसलेली सरकी

मंडळी, आज मी कामावर भांडून आले. तेही अशा माणसाशी, जो मी आजारी असताना दर रविवारी अमरावतीच्या दवाखान्यात माझ्यासाठी डबा घेऊन यायचा.

अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात मी कापूस तपासते. कापसातली सरकी, म्हणजे बी, दाताखाली धरायची. कट्‌कन फुटली तर माल कोरडा, नुसती दबली तर ओला. कॅन्सरचे उपचार संपवून महिन्यापूर्वी परतले, तर डबा आणणाऱ्या याच आमच्या मॅनेजर सुधाकरभाऊंनी मला ऑफिसात पंख्याखाली बसवलं आणि माझं काम दुसऱ्याला दिलं. "ताई, तुमी फक्त आराम करा."

महिनाभर गप्प बसले. आज कापसाची गाडी आली तशी सरळ उठले आणि सरकी तोंडात टाकली.

भाऊ धावतच आले. "थुका ते! धूळ असते त्याच्यात. तुमाले काई झालं तं?"

"डॉक्टरनं काम करा म्हटलं, भाऊ. तुमी मले कावून बसवून ठेवून राहिले? आजारानं माहे केस नेले, काम तं तुमीच नेलं!"

भाऊंचे डोळे भरले. "मले भेव लागते, ताई," म्हणाले. मग लगेच, "उद्यापासून गाड्या तुमीच पाहा." आणि खिशातला रुमाल काढून, एक सरकी नीट पुसून माझ्या हातावर ठेवली.

पुसलेली सरकी! अख्ख्या जिनिंगात आजवर कोणी पुसली नसेल.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागावायचं तरी कसं? आणि रागावले नसते, तर माझं काम परत मिळालं असतं तरी कसं?