किसन पेंटरची राहिलेली सही

आताशा फोन वाजला की मी आधी खुर्चीत बसतो, मगच उचलतो. गंगाधर सर गेल्याचं कळलं तेव्हाही तसाच बसलो आणि बसूनच राहिलो... तीर्थपुरीच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी गणित. टेबलं शेजारी. त्यांच्या पेन्सिली तासल्याचा कचरा माझ्या वह्यांवर, आणि वर माझ्याच पसाऱ्याची चेष्टा.

सरांच्या बैठकीत त्यांच्याच चेहऱ्याचं एक पेन्सिलचित्र आहे, सन ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराचं. चष्मा कपाळावर, ओठांत दाबलेलं हसू. खाली सही नाही. कुणी काढलं म्हणून विचारलं की सर नुसते हसायचे, त्यामुळे त्यांनीच काढलं असं सगळे धरून चालले. शाळा स्मरणपत्रिकेवर तसंच छापणार होती. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, ते शहागडच्या किसन पेंटरचं आहे. शाळेत कुणाला ते पटेना. माणूस हयात असताना त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर छापायचं, याचा मला राग आला. अंगात त्राण नव्हतं, तरी वहिनींकडून चित्र मागून घेतलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि एसटीत बसलो.

किसन पेंटर हायवेच्या कडेला ट्रकच्या फाळक्यावर मोर रंगवत होते. गेलेल्या माणसांचे फोटो घरोघरी टांगतात, ते मोठे करून रंगवण्याचं कामही त्यांचंच. अशा प्रत्येक चित्राखाली त्यांची ठसठशीत सही असते. सर गेल्याचं त्यांना कळलं होतं, पण जायला पाय उचलला नव्हता. चित्र पाहून ते खालीच बसले.

"माझंच हाय, गुरुजी. पण मी गेलेल्या माणसाच्याच चित्राखाली सही करतो. सर समोर बसल्ते, म्हणले कर सही. म्हणलं, तुम्ही हाय तवर न्हाई."

मग सर दर दिवाळीत शहागडला जाऊन 'आता तरी करता का' म्हणून विचारायचे, दोघं हसायचे, चहा प्यायचे. मला सर हे कधी बोलले नाहीत, याचं वाईट वाटलं.

सही नसेल तर शाळा ऐकायची नाही, एवढंच मी सांगितलं आणि पेन्सिल पुढे केली. त्यांनी रंगाचे हात बराच वेळ पुसले... मग सही केली.

वहिनींनी चित्र त्याच खिळ्याला टांगलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सही आणायला त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. सर गेल्यावरही त्या चित्राला हार नव्हता. त्यांनी खालचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "आता हार आणावा लागंल."